१६ चे ४० झाले: लाल टोपीची सिरिंज, पेनची कार्ट्रिज आणि नाईटची नवीन सिस्टर

ही केस एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी हॉस्पिटलची. मी तिथे क्वालिटीचं काम बघते, त्याआधी वॉर्डलाच होते. इन्सुलिनचा डोस चुकला त्या रात्री मी ड्युटीवर नव्हते, पण नंतर चौकशीत सगळ्यांशी एकेकटं बसून बोलायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे कोणी काय बघितलं, कोण काय बोललं हे बऱ्यापैकी जुळवता आलं. पेशंटची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, इन्सुलिनचा हिशोब मात्र जसाच्या तसा. नवीन लागलेल्या सिस्टर्सनी वाचावीच, पण इन्चार्ज लोकांनी जास्त वाचावी असं माझं मत आहे, का ते पुढे येईलच.

पेशंट म्हणजे साठीतले एक काका. जुनी शुगर, डाव्या पायाला सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखाली इन्फेक्शन, झाला म्हणून ॲडमिट, आयव्ही अँटिबायोटिक चालू. बीपीसाठी मेटोप्रोलॉल घ्यायचे आणि क्रिएटिनिन १.८ होतं, म्हणजे किडनी कमी काम करत होती, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. घरी रात्री इन्सुलिन पेननं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, १६ युनिट घेत होते, ते काकूच टोचायच्या, त्यांचा हात त्यात चांगला बसलेला. ॲडमिशनला तीच ऑर्डर पुढे आली, केस पेपरवर एवढंच, "इंज. ग्लार्जिन १६ यु, रात्री १० ला". पेन घरूनच आणलेलं.

सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नुकतंच हातात आलेलं, आमच्याकडे लागून तिसरा आठवडा आणि आयुष्यातली पहिलीच नाईट लागलेली. हुशार मुलगी, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर दोन-तीन जणांनी लगेच "आजकालच्या मुलींना काही येत नाही" हे सुरू केलं होतं.

मेल वॉर्डला त्या रात्री २२ पेशंट आणि दोन सिस्टर. पावणेदहाच्या सुमारास दुसरी सिस्टर, जी सिनियर होती, ती एका पोटाच्या पेशंटला घेऊन सीटीला गेली. म्हणजे इव्हनिंगच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे चार्ज, घेऊन जेमतेम दीड तास झालेला आणि रात्रीची अँटिबायोटिक्स, एचजीटी (बोटाला टोचून शुगर बघणं), इन्सुलिन सगळं एकटीवर. काकांचं एचजीटी १६८ आलं. पेन उघडलं तर त्याला आधीचीच सुई लावलेली होती, घरी तीच तीच सुई चार-पाच वेळा वापरायची सवय, बहुतेक घरांत असते. तिने ती सुई काढून शार्प्सच्या डब्यात टाकली, कारण कॉलेजात शिकवलं होतं की पेनची सुई एकदाच वापरायची. अगदी बरोबर केलं. आणि तिथेच अडकली, कारण वॉर्डला पेनच्या सुया नव्हत्याच. आमच्याकडे त्या फार्मसीत मिळायच्या, पेशंटच्या नावावर बिल करून, म्हणजे चिठ्ठी घेऊन नातेवाईकांनी खाली जायचं. काकू एकट्या, गुडघे धरलेले, लिफ्ट रात्री एकच चालू. काका म्हणाले, राहू दे सिस्टर, सकाळी पोरगा आणेल. पण डोस चुकवायचा नाही हेही शिकवलेलं.

मग तिला दोन दिवसांपूर्वी मॉर्निंगला पाहिलेली ट्रिक आठवली. एका सिनियर सिस्टरने अशाच अडचणीत पेनमधली कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिन भरलेली काचेची नळी, बाहेर काढून तिच्या रबरातून इन्सुलिनच्या सिरिंजने डोस ओढून घेतला होता. झटपट झालं होतं काम. हिने ट्रॉलीतली इन्सुलिन सिरिंज घेतली, कार्ट्रिजमध्ये टोचली, १६ च्या खुणेपर्यंत भरली. सिनियर जागेवर नव्हती म्हणून डबल चेकची सही नंतर घ्यायची ठरवली.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं? पेनातनं तर एवढं जात नाही हो."

ती म्हणाली, "सिरिंजमध्ये असंच दिसतं काकू." आणि पोटावर दिलं.

आता गणित. ज्यांना माहितीये त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण मी चौकशीच्या वेळी वॉर्डावॉर्डात फिरून विचारलं तेव्हा "माहितीये" म्हणणाऱ्या बऱ्याच जणी अडखळल्या, एक इंटर्न डॉक्टर पण, त्यामुळे वाचलंत तर बरंच.

आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या व्हायल म्हणजे बाटल्या बहुतेक यू-४० च्या येतात, १ एमएलमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिज यू-१०० च्या, १ एमएलमध्ये १०० युनिट, ३ एमएलची कार्ट्रिज म्हणजे ३०० युनिट. औषध तेच, पण अडीचपट दाट. सिरिंजपण दोन. लाल टोपीची यू-४० साठी, नारिंगी टोपीची यू-१०० साठी. इथे नवशिक्याची खरी फसगत होते, कारण इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा एमएलच्या नसतात, युनिटच्या असतात, आणि त्या खुणा ठराविक दाटपणाच्या इन्सुलिनपुरत्याच खऱ्या असतात. लाल टोपीच्या सिरिंजवर १६ ची खूण म्हणजे ०.४ एमएल. बाटलीतलं यू-४० असेल तर ते १६ युनिट. कार्ट्रिजमधलं यू-१०० असेल तर तेच ०.४ एमएल म्हणजे ४० युनिट. खूण १६ च दाखवते, आत ४० असतात. सिरिंज तुम्हाला काही सांगत नाही.

काकांना खरं जायला हवं होतं ०.१६ एमएल. लाल सिरिंजवर ते साडेसहाच्याही खाली कुठेतरी येतं, आणि तेवढ्या नेमकेपणाने त्या खुणांवर वाचता येत नाही, म्हणून "हिशोब करून लाल सिरिंजनेच देऊ" हा जो उपाय काही जुने लोक सांगतात तो पण कामाचा नाही. काकूंची नजर मात्र बरोबर होती, त्या रोज ज्या पेनने द्यायच्या त्याच्या अडीचपट पाणी त्यांना सिरिंजमध्ये दिसलं होतं.

ते वाक्य त्या मुलीच्या डोक्यातून जाईना. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं, कारण मला कळायला हवं होतं की चूक पकडली कशी गेली, आमच्या कुठल्या सिस्टिमने पकडली की काय. सिस्टिमने नाही पकडली. सव्वाबाराला थोडी उसंत मिळाली तेव्हा तिने परत जाऊन कार्ट्रिज उजेडात धरली, आत हवेचा मोठा बुडबुडा दिसला, लेबलवर १०० लिहिलेलं, मग ट्रॉलीतून नवी लाल सिरिंज काढून तिच्यावर वाचलं तर ४०. तिला सगळं गणित तेव्हा कळलं असं नाही, पण दोन आकडे वेगळे आहेत म्हणजे काहीतरी घोळ आहे एवढं कळलं. सिनियर सीटीवरून आली होती पण दुसऱ्या पेशंटजवळ होती. हिने थेट आरएमओंना, म्हणजे रात्रीच्या ड्युटी डॉक्टरांना, फोन लावला.

आरएमओ सरांचं पहिलं वाक्य होतं, "किती वाजता दिलंस?" दुसरं, "आत्ता एचजीटी कर, मी येतो." ओरडा नाही, तुला कळत नाही का, हे नाही. मला विचाराल तर त्या रात्रीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, कारण पुढची नवीन मुलगी फोन करणार की नाही हे याच वाक्यावर ठरतं. ती फोन करायच्या आधी पाचेक मिनिटं नुसती उभी होती हेही तिने सांगितलं. रजिस्ट्रेशन जाईल, पोलीस केस होईल, नातेवाईक मारतील, हे सगळं डोक्यात. सुप्रीम कोर्टाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की साधी चूक किंवा अंदाज चुकणं म्हणजे फौजदारी गुन्हा नाही, त्याला ढोबळ निष्काळजीपणा लागतो, पण रात्री सव्वाबाराला वॉर्डमधल्या बावीस वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार.

ग्लार्जिनचा ओव्हरडोस साध्या रेग्युलर इन्सुलिनसारखा नसतो. रेग्युलरचा जोर काही तासांत ओसरतो. ग्लार्जिन ॲसिडिक द्रवात विरघळवलेलं असतं, कातडीखाली गेल्यावर तिथल्या न्यूट्रल पीएचमध्ये त्याचे बारीक कण होऊन बसतात आणि ते हळूहळू, साधारण २४ तास, रक्तात सुटत राहतात. डोस मोठा असेल तर त्याहून जास्त वेळ. त्यात काकांची किडनी कमी काम करत होती, इन्सुलिन शरीराबाहेर काढण्यात किडनीचा मोठा वाटा असतो, म्हणजे इथे अजून लांबणार. म्हणून आरएमओंनी पहिल्याच नोटमध्ये लिहिलं की दर तासाला एचजीटी, आणि हे उद्या रात्रीपर्यंत तरी. ही नोट मी नंतर ट्रेनिंगला वापरली.

साडेबाराला एचजीटी १५१. काकांना उठवून साखर घातलेलं दूध आणि बिस्किटं दिली. दीडला १२४. अडीचला ९७. आकडे नॉर्मल वाटतात, पण आकड्यापेक्षा त्याची दिशा बघायची, दूध-बिस्किट पोटात जाऊनही तासाला पंचवीस-तीसने उतरतंय म्हणजे खाली जाणार हे नक्की. त्यामुळे ७० ची (त्याखाली शुगर कमी धरतात) वाट न बघता इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली नळी, चालू आहे का बघून तेव्हाच १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, तासाला ५० एमएलने सुरू केलं. साडेतीनला ६३.

आणि इथे मेटोप्रोलॉल आडवं आलं. शुगर उतरली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, पेशंट स्वतःच सांगतो. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर जातीचं औषध घेणाऱ्यात ही लक्षणं दबतात. घाम मात्र येतो. काका शांत झोपलेले होते, पल्स ७४, पण कपाळ आणि मान ओली आणि उशीचा अभ्रा भिजलेला. तासाचं एचजीटी नसतं तर "झोपलेत बिचारे" म्हणून कोणी उठवलं नसतं. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० एमएल दिलं, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी १५८. सगळ्यांना हायसं वाटलं. पावणेपाचला परत ८२. नवीन लोकांना हे समजावणं फार अवघड जातं, एकदा पुश दिला आणि आकडा वर आला की त्यांना केस संपली असं वाटतं, पण कातडीखालचा साठा तर तसाच बसलेला असतो, वरून दिलेली साखर तासाभरात संपते. १० टक्क्याचा रेट वाढवून १०० केला, त्यानंतर दिवसभर ११० ते १७० मध्ये राहिलं. इन्सुलिन पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलतं म्हणून सकाळी इलेक्ट्रोलाइट्स पाठवले, पोटॅशियम ३.४ आलं, म्हणजे थोडं कमी, किडनी बघून जपूनच दुरुस्त केलं. पुढच्या रात्रीचा ग्लार्जिन अर्थातच बंद. ड्रिप दुसऱ्या दिवशी सकाळी थांबवली, सेल्युलायटिसचं उरलेलं सगळं वेळेवर झालं, काका चालत घरी गेले.

घरच्यांना सांगायचं कोणी यावर सकाळी थोडी चुळबुळ झाली. ॲडमिनचा एक जण म्हणाला, पेशंट बरा आहे ना, मग कशाला सांगायचं. कन्सल्टंट मॅडमनी ऐकलं नाही. साडेआठला काकू आणि मुलाला बसवून स्पष्ट सांगितलं की १६ च्या जागी ४० युनिट गेलेत, आमच्याकडून गेलेत, रात्री काय काय केलं, अजून किती वेळ बघावं लागेल, आणि या वाढलेल्या दिवसाचं बिल लावणार नाही. मुलगा चिडला, साहजिक आहे. पण शिव्या न देता त्याने एक प्रश्न विचारला, "नव्या मुलीला रात्री एकटीला ठेवता कशाला?" पुढे आठवडाभर आम्ही मीटिंगा घेतल्या, त्यात यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. काकू फक्त म्हणाल्या, मी म्हणलं होतं. आणि खरंच म्हणलं होतं त्यांनी.

मीटिंगला बसलो तेव्हा टेबलावर आधीच मेमोचा मसुदा तयार होता. "निष्काळजीपणे चुकीचा डोस दिल्याबद्दल" वगैरे. मी म्हणलं थांबा, आधी ती ट्रिक कुठून आली ते बघू. कारण कॉलेजात कोणी कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायला शिकवत नाही, तिथे तर पेन हाताळायलाही फारसं मिळत नाही, सगळं लाल टोपी आणि बाटलीवर. म्हणजे ती हे आमच्याकडेच शिकली.

मॉर्निंगची ती सिनियर सिस्टर सुरुवातीला गप्प होती. नंतर म्हणाली, "मी काढलं होतं, पण मी नारिंगीने काढलं होतं." खरं होतं तिचं. तिने फार्मसीतून नारिंगी टोपीची सिरिंज मागवून घेतली होती, तिला फरक पक्का माहीत होता. मग मी नवीन मुलीला विचारलं की तू तेव्हा कुठे उभी होतीस, काय दिसलं. ती म्हणाली, मी आले तेव्हा सिरिंज त्यांच्या हातात होती, सुई कार्ट्रिजमध्ये. टोपी? टोपी आधीच काढून ट्रेमध्ये पडली होती, कापसाखाली.

म्हणजे दोन सिरिंजमधला लांबून दिसणारा एकमेव फरक कापसाखाली होता, आणि उरलं ते काय, तर बारीक अक्षरातला आकडा. सिनियरने जे केलं त्यात हाताचं काम दिसलं, डोक्यातलं काम दिसलं नाही. सिनियर बोलली असती तरी पुरलं असतं, "बघ, ही पेनची आहे म्हणून नारिंगी घेतली", बस, एवढं एक वाक्य. पण सकाळच्या धावपळीत ट्रिक दाखवणारा कधी कारण सांगत बसत नाही, आणि शिकणाऱ्याला कारण आहे हेच माहीत नसतं तर ती विचारणार काय. मला ही केस नवशिक्याची चूक वाटतच नाही खरं तर, ही सिनियरच्या शॉर्टकटची अर्धी कॉपी आहे. आमच्या फिल्डमध्ये नवीन लोकांच्या बऱ्याच चुका अशाच असतात, सलाईनचा रेट अंदाजाने धरणं असो, की पोटॅशियमचं ॲम्प्युल आणि डिस्टिल्ड वॉटर एकाच ट्रेमध्ये ठेवणं असो, जुन्या माणसाच्या हातून निभावून जातं कारण त्याच्या डोक्यात एक ब्रेक असतो, नवीन माणूस फक्त ॲक्सिलरेटर बघून शिकतो.

तरीही नारिंगी सिरिंजने काढणंसुद्धा बरोबर नाहीच, हे मीटिंगमध्ये मला दोनदा सांगावं लागलं. कार्ट्रिजमधून सुईने ओढलं की आत हवा शिरू शकते, मागचं रबर आणि पेनचा दांडा यांच्यात फट पडते, मग पुढच्या वेळी पेन फिरवून १६ लावले तरी १६ जातीलच याची खात्री नाही. ती कार्ट्रिज मग टाकूनच द्यायला हवी, आणि अडीच-तीनशे युनिट कोण टाकतंय.

दुसरी गोष्ट निघाली ती सहीची. इन्सुलिन हाय-अलर्ट औषध आहे, म्हणजे चुकलं तर मोठी इजा करणारं, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराईड यांच्यासारखंच, त्याला दोन जणींनी बघायचं, हे एनएबीएचवाल्या (दर्जाची मान्यता मिळालेल्या) हॉस्पिटलच्या फायलीत असतं. आमच्याही होतं. इन्सुलिन चार्टवर दुसऱ्या सहीचा रकाना आहे आणि मागच्या महिन्याचे चार्ट काढले तर रकाने सगळे भरलेले. एकाच पेनने, एकाच शाईत, ओळीने. म्हणजे सकाळी ओव्हर द्यायच्या आधी बसून भरलेले. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही, मी वॉर्डला होते तेव्हाही असंच चालायचं. दरवर्षी १७ सप्टेंबरला पेशंट सेफ्टी डेला आम्ही रांगोळी काढतो, पोस्टर स्पर्धा घेतो, फाइव्ह राइट्स रंगवतो, बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस वगैरे. त्या पाचात "दुसरी सिस्टर जागेवर आहे का" हे कुठे येत नाही.

तिसरं म्हणजे ऑर्डर. "१६ यु". ताकद नाही, पेन की व्हायल नाही. शिवाय "यु", म्हणजे इंग्रजी U, असं एक अक्षर लिहायचंच नाही, हा जगभरचा जुना नियम आहे कारण घाईतल्या अक्षरात तो शून्यासारखा वाचला जातो आणि १० चे १०० होतात. आमचे डॉक्टर लोक सर्रास लिहितात. या केसमध्ये त्याने काही बिघडलं नाही, पण फाईल उघडीच होती तर तेही दिसलं.

एका डॉक्टरांनी विचारलं की मुळात दोन ताकदी कशाला ठेवायच्या. रास्त आहे. ब्रिटनने १९८३ साली सगळं यू-१०० केलं, अमेरिकेतही नेहमीचं इन्सुलिन यू-१०० च असतं. आपल्याकडे स्वस्त व्हायल यू-४० मध्ये, पेन यू-१०० मध्ये, दोन्ही एकाच फ्रीजच्या दारात शेजारीशेजारी. हे आमच्या मीटिंगमध्ये सुटणारं नव्हतं. पण त्यावरून एक उपयोगाची गोष्ट निघाली, आमच्या गावातले कितीतरी आई-वडील मुलांकडे अमेरिकेला जाऊन येतात आणि येताना तिकडची इन्सुलिनची बाटली घेऊन येतात. ती दिसायला बाटली, म्हणजे इथल्या सवयीने कोणीही लाल सिरिंज घेणार, आणि आत यू-१००. आता ॲडमिशनलाच विचारायचं ठरलंय की घरून इन्सुलिन आणलंय का, कुठून घेतलंय, आणि लेबल वाचून ताकद केस पेपरवर लिहायची.

उलटी चूक पण होते, यू-४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने १६ भरले की जातात ६.४ युनिट. तिथे घाम नाही, धावपळ नाही, फक्त शुगर उतरत नाही. मग डॉक्टर डोस वाढवतात, २०, २४, २८, आणि पेशंट घरी जाऊन बरोबर सिरिंजने २८ घेतो. माझा अंदाज असा की हे जास्त होत असणार, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही.

मेमो शेवटी निघाला नाही. मेट्रन मॅडम ठाम राहिल्या, म्हणाल्या हिने स्वतः फोन केला नसता तर साडेतीनचा ६३ आपल्याला कळला नसता, आणि मेमो दिला तर पुढची मुलगी फोन करणार नाही. मुलीला आठवडाभर दिवसा लावलं, सिनियरबरोबर. तिला "तूच आता नवीन बॅचला ही केस सांग" असं कोणीतरी सुचवलं होतं, ती नाही म्हणाली. मला तिचं पटलं. माणसाने चूक कबूल केली म्हणजे त्याला दरवेळी स्टेजवर उभं करायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

ट्रेनिंग मी घेते मग. पूर्वी इन्सुलिनवर वीस मिनिटांची स्लाईड होती. आता टेबलावर लाल आणि नारिंगी दोन्ही सिरिंज ठेवते, टोप्या काढून, ग्लासात शाईचं पाणी, आणि सांगते दोन्हीत १६ पर्यंत भरा आणि एकेका बशीत सोडा. एका बशीत छोटा थेंब, दुसऱ्यात चांगलं डबकं. मग विचारते, पेनचं इन्सुलिन असेल तर यातलं कुठलं १६? सुरुवातीला हमखास कोणीतरी डबक्याकडे बोट दाखवतं. त्यानंतर पेनवर सुई लावणं, दोन युनिट हवेत सोडून बघणं, दाबल्यावर दहापर्यंत मोजून मग बाहेर काढणं, हे सगळं प्रत्येकीच्या हाताने.

वॉर्डातले बदल: पेनच्या सुयांचा एक बॉक्स आता वॉर्ड स्टॉकला असतो, नातेवाईकांनी खाली धावायचं नाही. कार्ट्रिजमधून सिरिंजने काढायचं नाही, कुठल्याही टोपीने नाही. सुई नसेल तर आरएमओंना विचारायचं, ग्लार्जिन तासभर उशिरा गेलं तर काही आभाळ कोसळत नाही. नारिंगी सिरिंज ट्रॉलीवर ठेवायच्याच नाहीत, लागली तर फार्मसीतून. ऑर्डरमध्ये "युनिट" पूर्ण शब्द, ताकद आणि पेन की व्हायल. दुसरी सही बेडजवळच, औषध हातात असताना, आणि दुसरी सिस्टर बाहेर असेल तर शेजारच्या वॉर्डची येते. शेवटचं कागदावर छान आहे, प्रत्यक्षात शेजारची दहा मिनिटांनी येते आणि तोवर तीन बेल वाजतात. नाईटला दोनच सिस्टर अजूनही आहेत. मुलाच्या त्या प्रश्नाला आम्ही एवढंच उत्तर दिलंय की पहिल्या दोन महिन्यांत नवीन मुलीला नाईट लावायची नाही, आणि सीटीला पेशंट न्यायचा असेल तर आरएमओ किंवा कॅज्युअल्टीचा स्टाफ जातो. ते बहुतेक वेळा पाळलं जातं.

अजून एक लिहिलं नियमात. इन्सुलिन देताना नातेवाईक किंवा पेशंट म्हणाला की "रोज एवढं नसतं", तर हात थांबवायचा आणि परत लेबल वाचायचं. यावर जुन्या सिस्टर्सची कुरकुर झाली, म्हणे लोक तर प्रत्येक गोष्टीला बोलतात. बोलतात खरं. पण जी बाई रोज रात्री स्वतःच्या हाताने ते पेन दाबते तिला तेवढ्या एका गोष्टीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मध्यंतरी राउंडला मला परत एक कार्ट्रिज सापडली, आत बुडबुडा. नवीन मुलगी नव्हती, महिनाअखेर सुयांचा बॉक्स संपलेला होता आणि एका अनुभवी सिस्टरने काढलं होतं. म्हणाली, मी नारिंगीने काढलं, मला कळतं. मी विचारलं तेव्हा शेजारी कोण उभं होतं. दोन स्टुडंट होत्या. त्या दोघींना दुपारी बोलावून सिरिंज, बशा आणि शाईचं पाणी परत टेबलावर मांडलं, आणि सुयांचा इंडेंट, म्हणजे स्टोअरकडची मागणी, आता महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी जातो.